अर्ध्या दिवसाचा प्रश्न

रेणापूरच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाने कार्तिकी पौर्णिमेनंतर पालिताण्याच्या यात्रेचा बेत निश्चित केला. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते आणि लग्नसराईच्या मालाची खरेदीही त्याच सुमारास करावी लागते. त्यामुळे जाताना यात्रा आणि परतताना अहमदाबादच्या न्यू क्लॉथ मार्केटमध्ये खरेदी, असा दुहेरी कार्यक्रम ठरला. गाडी ठरली, धर्मशाळा ठरली, दुकान कोणी सांभाळायचे हेही ठरले. अहमदाबादच्या मुक्कामातील दुपारनंतरचा अर्धा दिवस तेवढा मोकळा राहिला.

त्या अर्ध्या दिवसावर थोरल्या चिरंजीवांच्या कन्येने हक्क सांगितला. ती लातूरला बारावी विज्ञान शाखेत शिकत होती. लातूरला बारावी विज्ञान म्हणजे पहाटेपासून शिकवणी आणि रात्री सराव परीक्षा. ध्येय एकच, वैद्यकीय प्रवेश. या मुलीने मात्र जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवले होते, आणि तिने ते का ठेवले याची चौकशी घरात कोणी फारशी केली नव्हती. ती म्हणाली, "बाबूजी, अहमदाबादला जमिनीखाली एक कलादालन आहे. अमदावाद नी गुफा. मला ते पाहायचे आहे."

वरवर पाहता हा तासाभराच्या सहलीचा प्रश्न होता. घरातील सर्वांना मात्र मनातून ठाऊक होते की तो तेवढाच नाही. मुलीला वास्तुशास्त्राकडे जायचे होते आणि तिने ते अद्याप स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते. गुंफेला होकार म्हणजे पुढच्या एका मोठ्या होकाराचा इसार, असे तिच्या वडिलांना वाटत होते. म्हणूनच रात्रीच्या बैठकीत त्या तासाभराविरुद्ध एकामागून एक हरकती निघाल्या.

पहिली हरकत वेळेची. हे दालन दुपारनंतर उघडते आणि सोमवारी बंद असते. हिवाळ्यात अहमदाबादेत सहाच्या आतबाहेर सूर्यास्त होतो; आजी-आजोबांचा चौविहार. खरेदी आटोपून तेथे पोहोचायचे, पाहायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी भोजनही उरकायचे, हे गणित अवघड होते. दुसरी हरकत आजींच्या गुडघ्यांची. पालिताण्याचा डोंगर डोलीने चढायचा आणि इथे पुन्हा पायऱ्या उतरायच्या. तिसरी हरकत मुलीच्या वडिलांची: "आधुनिक चित्रांतले आपल्याला काय कळते? दोन रेघा आणि एक ठिपका पाहायला एवढी धावपळ कशाला?" चौथी हरकत धाकट्या काकांनी मांडली आणि ती सर्वांत वजनदार होती. त्या गुंफेतील चित्रे मकबूल फिदा हुसेन यांची आहेत. ज्यांच्या चित्रांवरून देशभर वाद झाला त्यांची चित्रे आपण यात्रेहून परतताना पाहावीत काय?

या हरकतींपैकी एकही क्षुल्लक नव्हती. मात्र निर्णय घेण्यापूर्वी ज्या वस्तूविषयी निर्णय घ्यायचा ती वस्तू काय आहे हे जाणून घ्यावे, हा व्यापारातला साधा नियम आहे. ठाण उलगडल्याशिवाय भाव करायचा नसतो. बाबूजींनी नातीला सांगितले, "आधी माहिती काढ. मग बोलू." दुसऱ्या दिवशी तिने वहीत लिहून आणलेली माहिती अशी होती.

ही गुंफा अहमदाबादेत गुजरात विद्यापीठासमोर, कस्तुरभाई लालभाई यांच्या नावाच्या शैक्षणिक आवारात आहे. १९९२ ते १९९५ या काळात ती बांधली गेली. आरंभी तिचे नाव 'हुसेन-दोशी नी गुफा' असे होते. गंमत अशी की या जोडनावातील दोघेही जन्माने महाराष्ट्रातले. चित्रकार हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्याचा. त्यांच्या घरी लाकडी सामानाचा व्यवसाय होता. १९४७ साली दोशी मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकू लागले. पुढे पॅरिस येथे ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात त्यांनी काम केले आणि त्यांच्याच इमारतींची देखरेख करण्यासाठी ते अहमदाबादेस आले, ते कायमचेच. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतील हा सर्वोच्च जागतिक सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

हुसेन यांना आपल्या चित्रांसाठी अहमदाबादेत दालन हवे होते. तेथील उन्हाळा लक्षात घेऊन ते जमिनीखाली बांधायचे ठरले. बाहेरून दिसतात ते केवळ एकमेकांना चिकटलेले पांढरे घुमट, कासवांच्या पाठींसारखे. त्यांवर फुटक्या कपबशांचे आणि टाकाऊ फरश्यांचे तुकडे बसवलेले आहेत, आणि त्या पांढऱ्या पृष्ठभागावरून काळ्या तुकड्यांचा एक मोठा नाग वळसे घेत जातो. हे तुकडे बसवण्याची पद्धत गिरनारवरील जैन मंदिरांच्या शिखरांवर व छतांवर आढळते तशीच आहे. आतील रचनेची प्रेरणा अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांची.

गिरनार आणि वेरूळ हे दोन शब्द ऐकताच बैठकीचा सूर थोडा बदलला. वेरूळची तिसाव्या क्रमांकापासून चौतिसाव्यापर्यंतची जैन लेणी या कुटुंबाने अनेकदा पाहिलेली होती. स्वतःच्या जिल्ह्यातील खरोसा येथील लेण्यांत तर बाबूजी शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. बाहेर ऊन रणरणत असताना आत लागलेला गारवा त्यांना अजून आठवत होता. म्हणजे जमिनीच्या पोटात शिरून चित्र-शिल्प पाहणे ही मराठवाड्याच्या माणसाला अपरिचित गोष्ट नव्हे. फक्त हे लेणे विसाव्या शतकातले आहे, एवढेच.

कस्तुरभाई लालभाई हे नावही विचार करावयास लावणारे होते. १८९४ ते १९८० हा त्यांचा जीवनकाळ. गिरणीमालक म्हणून त्यांची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. आनंदजी कल्याणजी पेढीची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली आणि त्यांच्याच काळात राणकपूर व देलवाडा येथील मंदिरांचे जीर्णोद्धार झाले. परंतु जुने जपणारे हेच गृहस्थ नव्याचेही आश्रयदाते होते. ज्या अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेत ते होते, तिच्यात लोकसभेचे पहिले अध्यक्ष, अहमदाबादचे मराठी पुढारी गणेश वासुदेव मावळणकर हेही होते. याच संस्थेच्या आधाराने १९६२ साली दोशी यांनी तेथे वास्तुशास्त्राचे विद्यालय सुरू केले. भारतीय व्यवस्थापन संस्थेची इमारत अमेरिकी वास्तुविशारद लुई कान यांच्याकडून बांधून घेण्याच्या कामीही कस्तुरभाईंचा पुढाकार होता. प्राचीन हस्तलिखितांसाठी उभारलेल्या लालभाई दलपतभाई भारतीय विद्या मंदिराची इमारत त्यांनी तरुण दोशींकडूनच करून घेतली. ताडपत्रे शेकडो वर्षांची आणि त्यांना सांभाळणारी इमारत नव्या धाटणीची. यात त्या व्यापाऱ्याला विसंगती वाटली नाही.

खरे म्हणजे ही रीत त्याहूनही जुनी आहे. अहमदाबादेतच शेठ हठीसिंह यांचे मंदिर आहे. ते बांधून होण्यापूर्वी शेठजींचे निधन झाले आणि पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी १८४८ साली काम पूर्णत्वास नेले. दुष्काळाच्या दिवसांत त्या बांधकामाने कारागिरांच्या घरी चूल पेटती ठेवली, असे सांगतात. ज्या दिवशी त्याचा अखेरचा दगड बसला त्या दिवशी ते मंदिर नवेच होते. नवे म्हणून कोणी पाठ फिरवली असती तर आज दाखवण्यासारखे जुने काही उरले नसते.

राहिली काकांची हरकत. तिला बाबूजींनी बगल दिली नाही. हुसेन यांच्या काही चित्रांवरून १९९६ साली मोठा क्षोभ उसळला. त्याच वर्षी या गुंफेच्या आवारातील कलादालनात शिरून जमावाने त्यांच्या कलाकृतींची मोडतोड केली. पुढे त्यांच्यावर खटले झाले, २००६ साली त्यांनी देश सोडला आणि २०११ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. या प्रकरणी दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले आहे आणि एका घरातही त्याविषयी दोन मते असू शकतात. बाबूजी म्हणाले, "तुला यायचे नसेल तर येऊ नकोस, त्यात राग नाही. पण पोरीला भिंतीवरचे चित्र पाहायचे नाही, भिंत पाहायची आहे. ज्याला जे पाहायचे ते त्याने पाहावे." काकांनी त्या वेळेत बाजारातील राहिलेली बिले पुरी करण्याचे पत्करले. निर्णय असा झाला: मुक्काम सोमवारी पडू नये म्हणून एक दिवस पुढे ढकलायचा, दालन उघडताच आत जायचे, तासाभरात बाहेर पडायचे आणि सूर्यास्तापूर्वी भोजनशाळा गाठायची.

ठरल्याप्रमाणे सारे घडले. आवारात शिरताच आजींनी त्या घुमटांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "घरात फुटकी बशी ठेवू नये म्हणतो आपण, आणि इथे तर शिखरावर चढवली आहे!" मग जवळ जाऊन त्यांनी तुकड्यांवरून हात फिरवला. गिरनारला असेच पाहिल्याचे त्यांनी स्वतःच सुनेला सांगितले. त्या खाली उतरल्या नाहीत. झाडाच्या सावलीत बसून राहिल्या आणि तेवढ्यावर प्रसन्न होत्या.

बाकीचे पायऱ्यांनी खाली उतरले. आत एकही भिंत सरळ नाही. पायाखालची जमीन चढउतारांची आहे, त्यामुळे माणूस आपोआप जपून पाऊल टाकतो. छत वाकत वाकत खाली येते आणि कोठे भिंत सुरू झाली हे कळत नाही. झाडाच्या बुंध्यांसारखे तिरके खांब मध्येच उभे आहेत. घुमटांतून वर काढलेल्या नळकांड्यांसारख्या झरोक्यांतून उजेडाचे गोल कवडसे पडतात आणि सूर्य सरकतो तसे तेही जागा बदलतात. चौकटीत टांगलेली चित्रे थोडी. हुसेन यांनी रंग थेट भिंतीवर आणि छतावर लावले आहेत. मधूनच धातूच्या पत्र्यातून कापलेल्या मानवाकृती उभ्या आहेत.

चित्रे बाबूजींना आवडली नाहीत. तसे त्यांनी सांगितलेही, आणि नातीने वादही घातला नाही. ते मात्र एका ठिकाणी थांबून बराच वेळ वर पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "हे छत किती जाड आहे?"

"एक इंच," ती म्हणाली.

हा प्रश्न त्यांच्या मनात कोठून आला हे लातूर जिल्ह्यातील माणसाला सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळी बाबूजी चाळिशीत होते. तिसऱ्या दिवशी दुकानातील चादरी, धोतरे आणि लुगडी गाडीत भरून ते औसा तालुक्यातील गावांत गेले होते. जे पाहिले त्याविषयी ते घरी फारसे कधी बोलले नाहीत. एवढेच सांगत की माणसे भूकंपाने मेली नाहीत, घरांनी मारली. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचे माळवद. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी त्यावर आणखी माती घालायची. अशी वर्षानुवर्षांची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. जाड भिंत आणि जड छत म्हणजे भक्कम घर, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत त्या पहाटे खोटी ठरली. त्याच काळात अहमदाबादेत ही गुंफा आकार घेत होती.

"एक इंचाचे छत कोसळत का नाही?" त्यांनी विचारले.

नातीने दोन्ही हातांची ओंजळ उलटी धरून दाखवली. तिने सांगितले की याला फेरोसिमेंट म्हणतात. तारेची जाळी हव्या त्या आकारात वाकवायची आणि तिच्यावर सिमेंट-वाळूचा मसाला हाताने दाबून बसवायचा. खालून सेंट्रिंग लावावे लागत नाही. छत सपाट असते तर एवढ्या कमी जाडीत ते आपल्याच भाराने वाकले असते. पण ते मडक्याच्या पाठीसारखे गोल आहे. त्यामुळे भार एका जागी साचत नाही, वळणावळणाने सरकत खाली जमिनीत उतरतो. अंड्याचे कवच पातळ असूनही पिलू बाहेर येईपर्यंत टिकते, तसेच हे. कोणत्या वळणावर किती ताण येईल याचा हिशेब संगणकावर केला गेला, आणि बांधणारे हात मात्र साधी अवजारे वापरणाऱ्या आदिवासी मजुरांचे होते. "जाडीने नाही बाबूजी," ती म्हणाली, "आकाराने उभे आहे."

बाबूजींनी पुढचा प्रश्न विचारला: "भूकंपात?"

तिने ठोकून उत्तर दिले नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतील अनेक बहुमजली इमारती पडल्या आणि ही गुंफा आज उभी आहे, एवढे तिला ठाऊक होते. "पण ही तर जमिनीतच आहे," ती म्हणाली. "वर बांधलेल्या घराला हाच हिशेब लागू होईल असे म्हणता येणार नाही. ते शिकल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

ते शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते. व्यवहारात माणसाची पारख त्याला किती येते यावरून जितकी होते, तितकीच कोठे थांबावे हे त्याला कळते का यावरूनही होते. दुकानात तीस वर्षे काम केलेल्या गुमास्त्याला बाबूजी याच कारणाने मानत असत. कापडाचा रंग पक्का आहे की नाही हे ठाऊक नसेल तर तो गिऱ्हाइकाला तसे सांगे. नातीच्या तोंडी तेच ऐकून ते काही बोलले नाहीत. तासाभरात सर्वजण वर आले. आजींना हात देऊन उठवले, आणि दिवस मावळण्याच्या वीस मिनिटे आधी सर्वांची पाने वाढली गेली.

परतीच्या प्रवासात गाडीत निर्णय झाला, तोही पूर्ण नव्हे. वास्तुशास्त्राच्या प्रवेशासाठी 'नाटा' ही परीक्षा असते. तिचा अर्ज भरायचा. वैद्यकीय प्रवेशाची तयारीही सोडायची नाही. दोन्ही निकाल हाती आल्यावर पुन्हा बसून बोलायचे. मुलीच्या वडिलांना हे फार झाले असे वाटले आणि मुलीला थोडे कमी. घरातील बहुतेक न्याय्य निर्णय असेच असतात. कोणाचेही पूर्ण समाधान न करणारे, पण कोणाचेही दार बंद न करणारे.

यात्रेला, खरेदीला किंवा लग्नाला परगावी जाणाऱ्या कुटुंबांपुढे असा अर्ध्या दिवसाचा प्रश्न वारंवार येतो. मुंबईला गेल्यावर काळा घोडा परिसरातील आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालन असते. १९११ सालच्या कावसजी जहांगीर सभागृहाच्या पोटात १९९६ पासून ते भरले आहे. वाट थोडी वाकडी केली की अशी ठिकाणे अन्यत्रही सापडतात, आणि प्रत्येक वेळी घरात त्याच हरकती निघतात. त्यांतील वेळेच्या आणि गुडघ्यांच्या हरकती खऱ्या असतात व त्यांची सोय आधी लावावी. सुटीचा वार, उघडण्याची वेळ आणि पायऱ्या यांची चौकशी करूनच निघावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बाहेर बसण्याची जागा पाहून ठेवावी. ज्याच्या मनाला एखादी गोष्ट पटत नाही त्याला ओढून नेऊ नये.

पण 'आपल्याला त्यातले काय कळते' ही हरकत मात्र स्वीकारू नये. अशा जागी सर्व काही कळलेच पाहिजे असा दंडक नाही, आणि आवडलेच पाहिजे असा तर मुळीच नाही. आपल्याबरोबर आपला एखादा प्रश्न असला म्हणजे पुरे. आजींचा प्रश्न फुटक्या बशीचा होता, बाबूजींचा छताचा. दोघांनाही आपापले उत्तर मिळाले, आणि हुसेन यांची चित्रे दोघांनाही शेवटपर्यंत कळली नाहीत.

रेणापूरच्या त्या दुकानाच्या मागे कुटुंबाचा जुना वाडा आहे. त्याच्या एका खणावर अजून माळवद आहे; इतके दिवस आठवण म्हणून ते ठेवले होते. यात्रेहून परतल्यावर आठच दिवसांनी बाबूजींनी गवंडी बोलावून त्यावरची माती उतरवून घेतली. किती गाड्या माती निघाली ते त्यांनी मोजले आणि नातीला लातूरला फोन करून सांगितले.